विलोचा आडोसा: मागच्या गार्डनमध्ये निवांत बसायचं असेल तर

इंग्लंडात घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात कळतं, मागचं गार्डन कागदावर आपलं असलं तरी बघायला चार घरांचं मिळून असतं. आमचं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं घर, मागे दहा-बारा मीटर लांब गवताची पट्टी, आणि पलीकडच्या रांगेतल्या वरच्या खिडक्या थेट आमच्या टेबलावर. आई आली होती तेव्हा मटार सोलायला बाहेर बसायची आणि पाच मिनिटांत परात उचलून आत यायची, म्हणायची सगळा गाव बघतोय. तेव्हा ठरवलं, काहीतरी करायचं. साध्या चॉकलेटी फळ्यांचं फेन्सिंग मला बघवत नाही, त्यामुळे विलोच्या विणलेल्या पॅनलकडे वळलो, आणि त्यात दोन चुका करून शिकलो त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे सगळं.

विलो म्हटलं की आपल्याला क्रिकेटची बॅट आठवते, पण बॅटचा विलो वेगळ्या जातीचा, त्याचा मोठा वृक्ष होतो. विणायला लागतो तो दरवर्षी जमिनीलगत कापून घेतलेल्या बुंध्यातून येणारा लांब सरळ फोक. इथे सॉमरसेटच्या सखल पाणथळ भागात त्याची शेती पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. आणि हे झाड आपल्याला परकं नाही बरं का, सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचं वाळुंज म्हणजे विलोचाच सख्खा भाऊ. विणकामही ओळखीचंच आहे, कोकणात कारवीच्या काठ्यांचा कूड विणून वर शेणमातीचं लिंपण करतात ना, इथल्या जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांच्या भिंती तशाच असायच्या. फक्त लिंपण काढून टाका, झालं तुमचं पॅनल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठलाही दुकानदार सांगत नाही कारण त्याला पॅनल जास्त विकायची असतात. हद्दीवर कुंपण घालू नका, बसता तिथे आडोसा घाला. हिशोब बघा. तुम्ही खुर्चीत बसलात की डोळे जमिनीपासून 1.2 मीटरवर. समोरच्या घराची वरची खिडकी 12 मीटर लांब, तिथे उभ्या माणसाचे डोळे धरा सव्वाचार मीटरवर. तुमच्यापासून 6 मीटरवर हद्दीला 1.8 मीटरचं कुंपण घातलं तर तो आरामात त्यावरून बघतो, त्याची नजर तिथे पावणेतीन मीटरवरून जाते. पण तेच 1.8 मीटरचं पॅनल तुमच्यापासून दीड मीटरवर उभं केलं तर तिथे ती नजर जेमतेम 1.6 मीटर उंचीवर येते आणि पॅनलला आपटते. म्हणजे अख्ख्या हद्दीला आठ-दहा पॅनल लागली असती तिथे माझं काम दोनात झालं. पहिल्या वर्षी मी हद्दीवरच घातलं होतं, ही चूक नंबर एक. पैसे गेले, खिडकी होती तिथेच.

अगोदर बायकोला खुर्चीत बसवा, स्वतः दोन बांबूंना जुनी चादर बांधून पुढे-मागे सरका आणि ती म्हणेल "आता दिसत नाही" तिथे खूण करा. शेजारी हसतील, हसू देत.

कायद्याचं थोडक्यात, इंग्लंडमध्ये 2 मीटरपर्यंतच्या कुंपणाला साधारणपणे प्लॅनिंग परमिशन लागत नाही, गाड्यांच्या रस्त्याला लागून असेल तर ही मर्यादा 1 मीटर. घर संरक्षित यादीतलं असेल तर आधी कौन्सिलला विचारा, आणि नव्या इस्टेटमधलं घर असेल तर खरेदीचे कागद एकदा चाळा, त्यात कधीकधी फेन्सबद्दल अटी घातलेल्या असतात. हद्दीवरच घालायचं असेल तर ती बाजू कोणाची ते बघून आणि शेजाऱ्याशी बोलूनच. आतल्या आडोशाचा हा पण एक फायदा, कोणाशी वाद नाही.

मग प्रश्न येतो जिवंत विलो की सुका. जिवंत म्हणजे हिवाळ्यात कापलेले ताजे फोक जमिनीत रोवायचे, ते मुळं धरतात आणि कुंपणच पालवतं, आपल्याकडे ग्लिरिसिडियाच्या फांद्या बांधावर रोवतात तसंच. दिसायला अप्रतिम, मार्चच्या आसपास त्यावर मऊ तुरे येतात आणि मधमाश्यांची जत्रा भरते. पण माझं स्पष्ट मत, लहान गार्डनमध्ये याच्या वाटेला जाऊ नका. विलोची मुळं पाण्यामागे धावतात, ड्रेनच्या पाइपला बारीकशी फट असली तरी आत शिरतात, आणि चिकणमातीची जमीन असेल तर पाणी ओढून ओढून माती आकसते आणि घराच्या पायाला धोका होतो. घरापासून आणि ड्रेनपासून किमान 10 मीटर तरी लांब हवं, आणि आमचं तर सगळं गार्डनच तेवढं! शिवाय हिवाळ्यात पानं झडतात म्हणजे पाच महिने पडदा उघडा. ज्यांच्याकडे खरंच लांबलचक जागा आहे त्यांनी नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत झाड झोपलेलं असताना लावावं, फोक 25 सेंटिमीटर खोल, एकमेकांपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर, एक डावीकडे एक उजवीकडे तिरपा म्हणजे शंकरपाळ्यासारखी जाळी होते, बुडाशी गवत येऊ नये म्हणून मीटरभर रुंद काळं कापड, आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी अजिबात चुकवायचं नाही. दर हिवाळ्यात छाटणी आलीच, नाही केली तर दोन-तीन वर्षांत कुंपणाचं रान होतं.

म्हणून सुकं पॅनल. तयार मिळतं, साधारण सहा फूट बाय सहा फूट, हाताने विणलेलं असेल तर शंभर पाउंडाच्या आसपास जातं. स्वस्तात जी गुंडाळी मिळते ना, काड्या तारेने एकमेकींना बांधलेल्या, ती विणलेली नसते, दोन-तीन हिवाळ्यांत काड्या गळायला लागतात. घेताना उभ्या काठ्या हलवून बघा, लटपटल्या तर सोडून द्या.

स्वतः विणायचं असेल तर एक मोकळा वीकेंड आणि भिजवायला त्याआधीचा एक आठवडा धरा. सालीसकट वाळवलेला तपकिरी विलो मिळतो, त्याचा भिजवायचा साधा हिशोब म्हणजे जितके फूट लांबी तितके दिवस, म्हणजे सहा फुटी फोक सहा दिवस. बाथटबमध्ये तो मावत नाही, मी प्रयत्न केलाय, घरात जे ऐकायला लागलं ते वेगळंच. लॉनवर विटांची लांबट चौकट करून त्यात जाड प्लास्टिक अंथरलं आणि वर दगड ठेवून फोक बुडवले. बाहेर काढल्यावर एक रात्र ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, मग ते चामड्यासारखे वाकतात. गुडघ्यावर वाकवून बघा, साल तडकली तर अजून भिजायचाय. ताजा कापलेला विलो थेट विणता येतो पण वाळल्यावर तो आकसतो आणि वीण सैल पडते, म्हणून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवून मग घ्यावा.

उभ्या काठ्यांसाठी मात्र विलो नको, हेझल नावाच्या इथल्या झुडपाच्या काठ्या घ्या, अडीच-तीन सेंटिमीटर जाडीच्या. चूक नंबर दोन हीच होती. मी उभे दांडे ताज्या विलोचेच घेतले आणि सरळ जमिनीत ठोकले, मे महिन्यात बघतो तर माझ्या सुक्या कुंपणाला पालवी! तेही किचनच्या ड्रेनपासून चार मीटरवर. सगळं उपटावं लागलं.

आता पॅनल मी जमिनीत विणतच नाही. एक जाड फळी घ्यायची, तिला 22 सेंटिमीटरवर एक अशी नऊ भोकं पाडायची, त्यात नऊ काठ्या उभ्या करायच्या. इथले जुने कारागीर या फळीऐवजी किंचित बाक असलेला ओंडका घेतात म्हणजे पॅनल सरळ केल्यावर वीण आणखी आवळते, पण आपल्याला सरळ फळी चालते. सुरुवात खाली तीन फोकांच्या वेणीने करा, डावीकडचा फोक उचलायचा, दोन काठ्यांच्या पुढून आणि एकीच्या मागून न्यायचा, मग पुढचा डावीकडचा, असं करत जायचं. हा पट्टा म्हणजे पॅनलचा कमरपट्टा, हा घट्ट तर सगळं घट्ट. त्यानंतर साधं एकाआड एक, आतून-बाहेरून. फोकाचा एक शेंडा बारीक आणि बूड जाड असतं त्यामुळे एक ओळ डावीकडून बुडाने सुरू केली तर पुढची उजवीकडून, नाहीतर पॅनल एका बाजूला चढत जातं. शेवटच्या काठीला वळवताना फोक नुसता वाकवला तर मोडतो, त्याला हाताने सुतळीसारखा पीळ द्या, तंतू सुटे होतात आणि मग तो काठीभोवती निमूट वळतो. दर दहा-पंधरा सेंटिमीटरला लाकडी मोगरीने वरून ठोकून वीण खाली दाबायची, यात कंजूषपणा केला की वाळल्यावर फटी पडतात आणि ज्यासाठी एवढं केलं तेच दिसायला लागतं. वर परत तीन फोकांची वेणी, टोकं सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) तिरपी कापा. मला एका पॅनलला दोनशेच्या आसपास फोक लागले, तर्जनीला फोड आला तो वेगळा.

पण खरं सांगू का, वीण कितीही सुंदर असली तरी ही कुंपणं मरतात ती पायातून. पोस्टसाठी स्वीट चेस्टनट किंवा ओक घ्या, ही लाकडं मुळातच टिकाऊ. 2.4 मीटरचा खांब, 60 सेंटिमीटर जमिनीत, 1.8 वर, तळाला मूठभर खडी म्हणजे पाणी निचरतं, आणि मग माती-दगड थराथराने टाकून पहारीच्या बोथट टोकाने ठोकत जायचं. पॅनल या खांबांना गॅल्व्हनाइज्ड तारेने तीन ठिकाणी बांधा, स्क्रूने काठी फाटते. आणि बुडाशी 5 सेंटिमीटर जागा सोडा! विलो ओल्या मातीला टेकला की खालच्या ओळी लवकर कुजतात, आणि हेजहॉगना (इथल्या बागांमधला छोटा काटेरी प्राणी) जायला-यायला वाट हवी असेल तर एका कोपऱ्यात पंज्याएवढी जागा मोकळी ठेवा. वारा विणीतून थोडा गाळून जातो त्यामुळे फळीच्या कुंपणापेक्षा वादळात जरा बरं, पण म्हणून खांब लांब लांब रोवू नका, वीण घट्ट असेल तर तीही शिडासारखी ओढते.

कोरड्या दिवसात वर्षातून एकदा जवसाचं तेल मारा, रंग पण खुलतो. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कचऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटतात, पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर मोकळ्यावर पसरून पूर्ण वाळवा. तेल मारणं सांभाळलं तर पॅनल पाच ते आठ वर्षं टिकतं, नशीब चांगलं असेल तर दहा. वेल चढवायचाच असेल तर स्वीट पीसारखा हलका चढवा, आयव्ही नको, ती ओल धरून ठेवते.

पुण्यातल्या एका मैत्रिणीने हे बघून विलो कुठे मिळेल विचारलं. तिला सांगितलं, इतक्या लांबून काड्या मागवण्यापेक्षा बुरूड आळीत जा, बांबूचे तट्टे विणून देणारी माणसं तिथेच आहेत, फक्त मोजमाप बसायच्या खुर्चीपासून घे, कंपाउंडपासून नको, आणि खाली जागा सोड, पावसाळ्यात तर जास्तच.

उरलेल्या तुकड्यांचं मी मटाराच्या वेलांना आधार म्हणून काम करून घेतो. ताज्या विलोचे असतील तर आधी दोन महिने उन्हात वाळवा, नाहीतर वाफ्यात मटाराआधी विलोच उगवेल.