पहिला डाव मांडण्याआधी

समोरचा रविवारी सकाळी खेळायला येणार असेल, तर तयारीला गुरुवारी रात्रीच बसावं, आणि हातात आधी नियम घ्यावेत. सैनिकांची पेटी नंतर उघडली तरी चालते. मिनिएचरचा खेळ म्हणजे टेबलावर मांडलेलं छोटं रणांगण: दोन्हीकडे बोटभर उंचीच्या सैनिकांच्या तुकड्या, टेपने मोजून चाल, फाशावर निकाल. बुद्धिबळाला चौसष्ट घरं असतात, मोहरा एकतर या घरात असतो नाहीतर त्या. इथे घरंच नाहीत. सैनिक कुठेही उभा राहू शकतो, त्यामुळे नवख्याचं डोकं पहिल्या अर्ध्या तासातच भरून जातं. ते भरू नये यासाठी जे जे करून ठेवता येतं, त्याची ही यादी. जालन्यात, घरातल्याच पोरांना आणि भावंडांना शिकवता शिकवता ती जमत गेली.

नियम फुकट मिळणारे आणि थोडके निवडा. मी शिकवायला ‘वन पेज रूल्स’वाल्यांचा ‘ग्रिमडार्क फ्युचर’ हा विज्ञानकथेतल्या लढायांचा खेळ घेतो. मुख्य नियम नेटवर फुकट आहेत, चार-दोन पानांत मावतात, आणि सैनिक कोणत्याही कंपनीचे किंवा घरी केलेले चालतात. पानं झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रतींत काढून आणा. एक तुमची, एक पाहुण्याची. मोबाइलवर नियम दाखवू नका. मोबाइल हातात आला की लक्ष गेलंच. त्याच्या प्रतीत पहिल्या डावाला लागणार तेवढ्याच ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारा. तुकडीपुढे चार वाटा असतात: जागेवर थांबून गोळीबार करायचा, ६ इंच सरकून गोळीबार करायचा, गोळी न झाडता १२ इंच धावायचं, किंवा १२ इंचांच्या आतल्या शत्रूवर तुटून पडायचं. एक तुकडी तुमची, एक त्याची, अशी आळीपाळीने चाल. चार फेऱ्या झाल्या की डाव संपला. फासा टाकून आधी नेम लागला का ते बघायचं, मग ज्याच्यावर गोळी आली त्याने फासा टाकून ती अडवायची. तुकडी निम्मी किंवा त्याहून कमी उरल्यावर मार खाल्ला, तर ती धीर धरते की खचते याचा फासा. एवढ्याखाली रेघ पुरे. खास शस्त्रं, खास गुण, मंत्र, रणगाडे, सगळं पहिल्या डावातून काढून ठेवा.

हे काढून ठेवणं माझ्या जिवावर येतं, हे मान्य करतो. ज्याला खेळ आवडतो त्याला सगळंच सांगायचं असतं. परभणीचा मावसभाऊ पहिल्यांदा खेळायला आला तेव्हा मी त्याला पहिला फासा हातात देण्याआधी दीड तास समजावत होतो. शेवटी तोच म्हणाला, “दादा, मी नुसतं ऐकायलोय, खेळायचं कवा?” त्या दिवशी आमच्या दोन फेऱ्याही झाल्या नाहीत, आणि त्याला पुन्हा टेबलापाशी आणायला मला वर्ष लागलं. तेव्हापासून बोलणं दहा मिनिटं. त्यानंतर फासे त्याच्या हातात. तयारीतलं सगळ्यात मोठं काम कमी करण्याचं आहे, हे मला त्या वर्षाने शिकवलं.

शुक्रवारी रात्री एकट्याने दोन फेऱ्या खेळून बघा, दोन्ही बाजूंनी, आणि मोठ्याने बोलत. ‘ही तुकडी सहा इंच पुढे, आता दहा फासे, चार किंवा वर लागतील तेवढे नेम.’ बोलताना जिथे अडखळाल आणि पान उलटावं लागेल, तेवढ्याच गोष्टी एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहून काढा. तो पुठ्ठा टेबलाच्या कडेला राहील. वाचून नियम समजल्यासारखे वाटतात, पण ते कळतात मोजताना आणि टाकताना.

फौज दोघांची सारखी ठेवा. प्रत्येकी तीन तुकड्या: दहा बंदूकवाले, पाच जवळून लढणारे, आणि एक नायक. दोन्हीकडे नेम ४ किंवा वर आणि बचावही ४ किंवा वर. सारखी फौज कंटाळवाणी होईल असं वाटतं, पण शिकण्यासाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही. हरलो तर फौज वाईट होती असं म्हणायला जागा उरत नाही. कुठे उभं राहिलो आणि कधी धावलो, यावरच बोलणं होतं. शिवाय हिशेब तोंडी सांगता येतो. दहा जणांनी गोळ्या झाडल्या की सरासरी पाच नेम लागतात, त्यातले अडीच अडतात, अडीच पडतात. तीच तुकडी भिंतीआड असेल तर बचावाच्या फाशात एक वाढतो, आणि पडणारे अडीचवरून पावणेदोनच्याही खाली येतात. हे एकदा प्रत्यक्ष फासे टाकून दाखवलं की नवखा स्वतःच भिंती शोधू लागतो. आडोसा घे, असं सांगत बसावं लागत नाही.

सैनिक विकत आणलेले असलेच पाहिजेत असं काही नाही. कंपन्यांचे प्लास्टिकचे सैनिक साधारण २८ ते ३२ मिलिमीटरच्या घरातले असतात आणि महागही असतात. पहिल्या डावाला पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं पुरतात. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे माळ्यावर असतील तर तेही उतरवा. आमच्या भाच्याने पहिला डाव त्यांच्यावरच खेळला, आणि विज्ञानकथेतल्या बंदुका मावळ्यांच्या हाती मानायला त्याला काही अडचण आली नाही. फक्त प्रत्येकाखालची बैठक एका मापाची हवी, कारण अंतर बैठकीपासून बैठकीपर्यंत मोजतात. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं यासाठी उत्तम. एकाच प्रकारची बत्तीस जमवा, आणि दोन्ही फौजांच्या झाकणांना कडेने वेगवेगळा रंग द्या, म्हणजे गर्दीत कोण कुणाचा हे लगेच दिसतं.

पुठ्ठ्याचे सैनिक असतील तर पंख्याचा विचार आधी करा. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, पंख्याशिवाय दुपार काढता येत नाही, आणि पंख्याखाली पुठ्ठ्याची फौज उभी राहत नाही. झाकणात आतून ओल्या मातीची गोळी भरून वाळवली की ती जड होते आणि मध्यम वेगाचा पंखा सोसते. तरीही डाव सकाळी आठलाच सुरू केलेला बरा. उन्हाचं आणखी एक सांगतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले सैनिक बहुतेक वेळा पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात, आणि ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. बंद गाडीत, काचेमागे पेटी ठेवून लग्नाला जाऊन आलात तर भाले वाकलेले सापडतील. रंगाचंही तसंच: भर दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर रंग हवेतच वाळतो आणि सैनिकावर खरखरीत भुकटी बसते. पहाटे मारा. घरात ब्रशने रंगवताना बशीत ओला रुमाल आणि त्यावर बटर पेपर ठेवून रंग काढला, तर तो पटकन सुकत नाही. पण हे छंद वाढल्यावरचं. पहिल्या डावासाठी एकही सैनिक रंगवलेला नसला तरी काही बिघडत नाही.

मैदानावर मात्र वेळ घाला. पूर्ण डावाला ६ फूट बाय ४ फूट जागा लागते. तीन तुकड्यांना ४ बाय ४ पुरते. एवढं टेबल घरात नसेल तर सतरंजीवर खेळा, खडूने कडा आखा. जमिनीवर खेळताना आजोबांचे गुडघे आणि लहानग्यांची पावलं, दोन्हींचा विचार हवा. भिंतीला लागून मांडू नका, चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. वर मांजरपाट अंथरा, मातकट रंगात बुडवून वाळवलेला. टेकड्यांना टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल कापा, पण त्यावर थेट स्प्रे मारू नका, तो विरघळतो. आधी फेव्हिकॉल आणि पाणी एकत्र करून हात द्या. त्यावर चाळलेली वाळू आणि वाळवलेला चहाचा चोथा भुरभुरला की आपल्याकडची उन्हाळ्यातली माळरानाची जमीन तयार होते. खडक विकत घेण्याची गरजच नाही. बाहेर जा, काळ्या दगडाचे मूठभर तुकडे उचला. आपण राहतोच बेसाल्टच्या पठारावर.

आणि मैदानात एक नदी ठेवा, त्या नदीला एकच उतार ठेवा, म्हणजे पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. हे मी आग्रहाने सांगतो, त्यामागे आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा आर्थर वेलस्ली समोरासमोर आले. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जिभेसारख्या जमिनीवर मराठ्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा उभ्या होत्या. समोरून नदी ओलांडणं अवघड होतं. वाटाडे म्हणत होते, जवळ दुसरा उतार नाही. वेलस्लीने बघितलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत, आणि अंदाज बांधला की येणंजाणं असणार, म्हणजे उतार असणारच. तो होता. इंग्रज तिथून उतरून बगलेवर आले. पण शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमन या युरोपीय सेनानीच्या हाताखालच्या पलटणींनी सगळी फळीच वळवून तोंड त्यांच्याकडे केलं, जे वेलस्लीला अपेक्षित नव्हतं, आणि मराठी तोफांनी इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त लोक मारले किंवा जखमी केले. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण फार मोठी किंमत देऊन. जमीन कशी लढते हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून निळ्या कापडाची पट्टी मधोमध आडवी, तिच्यातून धावता येत नाही, ६ इंचांहून जास्त चाल नाही. आणि एका ठिकाणी वाळू टाकून केलेला उतार, जिथून पूर्ण १२ इंच जाता येतं. तीन ठाणी ठेवा: एक उताराजवळ, दोन दोन्ही काठांवर आत. ठाण्यापासून ३ इंचांत फक्त आपलाच माणूस असेल तर ते आपलं, आणि चौथ्या फेरीअखेर ज्याची ठाणी जास्त तो जिंकला. नवखा पहिल्याच फेरीत उताराकडे बघू लागतो. तिथून खेळ सुरू होतो.

खुणांचं सामान स्वयंपाकघरातून घ्या. झालेल्या जखमांना तुरीची डाळ, खचलेल्या तुकडीजवळ चिंचोका, आणि या फेरीत जिची चाल झाली त्या तुकडीवर कापसाचा बोंडाएवढा पुंजका. हा पुंजका फार कामाचा. आळीपाळीच्या खेळात ‘ही खेळली का अजून राहिली’ यावरच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि शुभ्र कापूस टेबलाच्या पलीकडूनही दिसतो. फेरी संपली की सगळा कापूस उचलून वाटीत.

फासे किमान बारा हवेत. ल्युडोच्या डब्यातला एकच फासा दहा वेळा टाकत बसलात तर तीन तासांचा डाव संध्याकाळवर जाईल. ते टाकायला पितळी परात घ्या, आत जुना रुमाल, म्हणजे आवाज होत नाही आणि फासे सैनिकांवर जाऊन आदळत नाहीत. मोजायला शिंप्याची टेप: एका बाजूला इंच असतात, आणि ती टेकडीवरून वाकते. प्रत्येकाला वेगळी द्या. ज्याच्या हातात टेप नाही तो मागत नाही, गप्प बसतो.

दिवे जातात, हे धरून चार्ज केलेला दिवा जवळ ठेवा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दुपारी एकपर्यंत ती खोली आपली आहे. नाश्ता खेळाआधी उरकावा. आमच्याकडे सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, असते, आणि तेलाच्या हाताने सैनिक धरले की रंग जातो, म्हणून हात धुऊनच बसायचं. दुसऱ्या फेरीनंतर चहा, तोही दुसऱ्या खोलीत.

मग रविवारी एवढंच लक्षात ठेवा: पहिली चाल त्याची. आपले फासे जसे तो बघतो तसे त्याचे आपण बघायचे, त्याच्या वतीने टाकायचे नाहीत. पहिल्या दोन फेऱ्यांत चाल परत घ्यायची मुभा, पुढच्या दोनांत नाही. तुम्ही काय करणार आहात ते करण्याआधी सांगा: ‘मी इथून उताराकडे धावतोय, म्हणजे मला गोळी झाडता येणार नाही.’ तो नियम त्याला यातूनच कळतो. त्याची तुकडी उघड्यावर उभी राहत असेल तर एकदा विचारा, “इथंच थांबायचं का?” दुसऱ्यांदा विचारू नका. एखाद्या नियमावर अडलं तर पान शोधत पाच मिनिटं घालवू नका. फासा टाकून तात्पुरतं ठरवा, पुठ्ठ्यावर नोंदवा, रात्री वाचा.

डाव संपल्यावर मैदान लगेच उचलू नका. तो हात धुऊन येतो, पाणी पितो, आणि परत येऊन उभा राहतो. बोटाने दाखवतो की ही तुकडी आधीच उतारावर पाठवायला हवी होती. मावसभावाने वर्षाने तेच केलं, आणि आम्ही तिसरी फेरी तिथल्या तिथे पुन्हा मांडून खेळलो. तेव्हा जेवण होईपर्यंत सगळं तसंच राहू द्या. मांजरपाटातून उरलेल्या तुकड्याची दुसरी निळी पट्टीही त्याच दिवशी रंगवून वाळत घाला. असई मांडायची म्हटलं तर दोन नद्या लागतात.