ऑपरेशननंतरचं दुखणं आणि वॉर्डातली नवी सिस्टर

सर्जिकल वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरना औषधांचे डोस पाठ असतात. अडतं ते बोलण्यावर. ऑर्डर शीटवर तेच पॅरासिटामॉल, तेच ट्रॅमाडॉल. तरी एका शिफ्टला पेशंट शांत झोपतो आणि दुसऱ्या शिफ्टला त्याच डोसवर रात्रभर बेल वाजवत राहतो. ससूनचा मोठा वॉर्ड असो की पेठेतलं वीस खाटांचं नर्सिंग होम, फरक पुष्कळदा सिस्टरने काय सांगितलं आणि कधी सांगितलं, यातच सापडतो.

सुरुवात स्पायनलपासून, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई टोचून दिलेल्या भुलीपासून करू, कारण नव्या माणसाची पहिली फजिती तिथेच होते. सिझेरियन किंवा हर्नियाचा पेशंट वॉर्डात येतो तेव्हा कमरेखाली बधिर असतो. "काहीच दुखत नाही हो," म्हणतो, नातेवाईकही खूश. दोन-तीन तासांनी बधिरपणा उतरतो आणि जखम एकदम जागी होते. इथे एक बारकावा आहे. स्पायनलचा बधिरपणा वरून खाली उतरतो, त्यामुळे ओटीपोटावरचे टाके पायाच्या बोटांच्या आधी जागे होतात. "पाय हलायला लागले की सांगा," असं सिझेरियनवालीला सांगितलं तर उशीर झालाच म्हणून समजा. तिला सांगायचं, "ताई, पोटाला हात लावलेला कळायला लागला किंवा चुणचुण वाटली की लगेच बेल वाजवा, दुखायची वाट बघू नका." मोठ्या माणसाचं 1 ग्रॅम पॅरासिटामॉल शिरेतून पंधरा मिनिटांत जातं, पण पूर्ण असर यायला तासाभराचा अवधी लागतो, गोळीला त्याहून जास्त. दुखणं भडकल्यावर बाटली लावली तर तो तास पेशंट तळमळत काढतो आणि त्याच्या मनात पक्कं बसतं की या औषधाने काही होत नाही. पुढच्या डोसलाही तो त्याच संशयाने बघतो.

दुसरा खड्डा म्हणजे 'एसओएस'. फाईलवर एसओएस लिहिलंय याचा अर्थ पेशंटने मागितलं तर द्यायचं. पण मागायचं असतं हे पेशंटला कोण सांगणार? त्याला वाटतं, द्यायचं असेल तेव्हा सिस्टर देतीलच. सिस्टरला वाटतं, दुखत असेल तर बोलतीलच. दोघंही सज्जन, आणि पहाटे तीनला सगळा वॉर्ड जागा. शिफ्टवर आल्या आल्या प्रत्येक एसओएसवाल्याला स्पष्ट सांगा: "तुमच्यासाठी जास्तीचं औषध लिहून ठेवलंय, मागायला संकोच करू नका." त्याच वेळी मागचा डोस किती वाजता गेला तेही बघून घ्या. पन्नास किलोवरच्या माणसाला पॅरासिटामॉल दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि नातेवाइकांनी पिशवीतून आणलेली क्रोसिनही त्यातच मोजायची, कारण तीही पॅरासिटामॉलच.

आता औषध लावतानाचं बोलणं. बरेच जण ड्रिप जोडतात, थेंब मोजतात आणि निघून जातात. त्याऐवजी दहा सेकंद द्या: "काका, हे दुखणं कमी करायचं औषध आहे. अर्ध्या तासात फरक वाटायला लागेल. मी सव्वादहाला येऊन विचारते." आणि सव्वादहाला खरंच जा. अडकलात तर मावशींच्या हाती निरोप द्या. नेमकी वेळ सांगून न फिरकण्यापेक्षा वेळ न सांगितलेली परवडली, कारण वाट बघणारा माणूस मिनिटं मोजतो आणि त्याचं सगळं लक्ष जखमेवर जाऊन बसतं. पेशंटला सांगून, दिसेल असं दिलेलं वेदनाशामक हे त्याच्या नकळत सलाइनमधून सोडलेल्या त्याच औषधापेक्षा जास्त काम करतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. न बोलता औषध दिलं तर डोसचा एक हिस्सा वायाच जातो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलेलंही उपयोगी पडतं. 1964 साली अमेरिकेत, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या 97 पेशंटांवर अभ्यास झाला. काही जणांना भूलतज्ज्ञांनी आधीच भेटून कुठे दुखेल, अंग सैल कसं सोडायचं, कूस कशी बदलायची हे समजावलं. त्यांना मॉर्फिनच्या जातीची औषधं जवळपास निम्मीच लागली. ते काम भूलतज्ज्ञांनी केलं होतं. आपल्याकडे पेशंटपाशी इतका वेळ असणारी व्यक्ती म्हणजे सिस्टरच. दुर्बिणीच्या ऑपरेशनला जाणाऱ्याला आदल्या संध्याकाळी एवढं जरूर सांगा की पोटात गॅस भरतात, तो छाती-पोटामधल्या पडद्याला चुरचुरतो, म्हणून एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो. नाही सांगितलं तर रात्री खांदा धरून "हार्टचा त्रास आहे का?" म्हणत सगळं घरदार जमतं.

सुई टोचताना आपण सवयीने म्हणतो, "मुंगी चावल्यासारखं होईल." 2010 साली छापून आलेल्या एका अभ्यासात बाळंतपणासाठी आलेल्या 140 बायकांपैकी निम्म्यांना भुलीची सुई टोचताना "मोठी मधमाशी चावल्यासारखं वाटेल" असं सांगितलं, उरलेल्यांना "ही जागा बधिर होईल, तुम्हाला बरं वाटेल" असं. पहिल्या गटात वेदनेचा मधला आकडा दहापैकी 5 आला, दुसऱ्यात 3. मुंगी सोडून द्या. मात्र "अजिबात दुखणार नाही" असं खोटंही बोलू नका. एकदा फसलेला पेशंट पुढच्या शिफ्टचंही ऐकत नाही.

दुखणं मोजायची पट्टी 0 ते 10 ची असते, पण भोर-वेल्ह्याकडच्या आजी दहापैकी आकडा सांगताना गोंधळतात. "रुपयातलं किती आणे दुखतंय?" विचारलं की चटकन उत्तर येतं. आठ आणे म्हणजे 5, बारा आणे म्हणजे 7-8. एकदा आणे धरले की त्या पेशंटला शेवटपर्यंत आणेच, आणि चार्टवर तसं लिहायचं. "सहन होतंय ना?" हा प्रश्न मात्र बाद करा, त्याला सगळे "हो"च म्हणतात. सदाशिव पेठेतल्या आजींचं "तसं बरंय, जरासं जाणवतंय" हे बऱ्याचदा सात असतं. सोलापूरकडचा "लई ठणकायलंय" म्हणाला तर तो निदान खरं सांगतोय. मुलाने किंवा सुनेने परस्पर दिलेलं उत्तर चार्टवर चढवू नका.

शब्दही नीट ऐका. टाके 'ओढतात', जखम 'ठणकते', आतड्यातल्या गॅसने 'मुरडा' येतो, बाळाला पाजताना ओटीपोटात 'कळ' येते कारण गर्भाशय आकुंचन पावतं. पडून असताना 2 आणि खोकल्यावर 8 असेल तर तो पेशंट 8 चाच. तो खोकणार नाही, श्वास वर-वर घेईल आणि छातीत कफ साठेल. त्याला घडी केलेली उशी जखमेवर दाबून धरायला लावा आणि तसंच खोकायला सांगा. उठताना गुडघे मुडपून कुशीवर, पाय खाली, मग हाताच्या रेट्याने वर. हे तोंडी सांगून भागत नाही, एकदा करवून घ्यावं लागतं.

"एवढं तर दुखणारच, सहन करा" हे वाक्य पेशंटचं तोंड बंद करतं, आणि खरा धोका तिथे आहे. प्लॅस्टरमधला पाय औषधाला दाद देत नसेल आणि बोटं ताणल्यावर पेशंट किंचाळत असेल, पोट कडक होऊन नाडी धावत असेल, लघवी तुंबून ओटीपोट फुगलं असेल, तर आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, तेव्हाच फोन. फोनवर "पेशंटला खूप दुखतंय" म्हणू नका. "बेड सात, हर्नियाचा दुसरा दिवस, नऊ चाळीसला पॅरासिटामॉल 1 ग्रॅम, तासाभरानंतरही दहापैकी 8, नाडी 118" असं सांगा. मॉर्फिन-फेंटानिलवरचा पेशंट मात्र शांत झोपलाय म्हणून निर्धास्त राहू नका. श्वास मोजा, मिनिटाला दहाच्या खाली असेल किंवा हाक मारून उठत नसेल तर लगेच कळवा.

डिस्चार्जच्या दिवशी गोळ्या "सकाळ-संध्याकाळ" म्हणून सोडू नका. न्याहारीनंतर, दुपारच्या जेवणानंतर, झोपताना, असं सांगा आणि पेशंटकडून वदवून घ्या. स्वारगेटहून भोरची एसटी धरणाऱ्याला गोळी निघायच्या तासभर आधी द्या, आणि उशी डिकीत न टाकता पोटाशी धरायला सांगा.