रिसीव्हर मध्येच बंद पडतो? आधी तारा बघा

स्वस्तातला ५.१ रिसीव्हर (होम थिएटरचे पाच स्पीकर आणि सबवूफर ज्याला जोडतात तो डबा) आवाज वाढवला की टक् करून बंद पडत असेल, तर लगेच दुरुस्तीला नेऊ नका. बऱ्याचदा तो स्वतःला वाचवत असतो. प्लग काढा, रिसीव्हरच्या मागे जोडलेल्या सगळ्या स्पीकरच्या तारा सोडवा आणि प्लग लावून रिसीव्हर नुसताच चालू करा. तरीही बंद पडला तर बिघाड आतला, मेकॅनिककडेच न्या. चालू राहिला तर बहुधा दोष तारेत किंवा स्पीकरमध्ये. तांब्याचा एक सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला (तार जोडायच्या जागेला) टेकला तरी शॉर्ट होतं! टोक साधारण १ सेंटिमीटर सोला, धागे घट्ट पिळा, मग टर्मिनलमध्ये कसून बसवा. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात उघडी टोकं काळी-हिरवी पडतात. तेवढा भाग कापून नव्याने सोला. आता एकेक स्पीकर जोडत तपासा, जोडताना दरवेळी प्लग काढून.

स्पीकरचे ओहम (विजेला होणारा अडथळा मोजायचं एकक) रिसीव्हरच्या मागे छापलेल्या आकड्यापेक्षा कमी नकोत: ६ ते १६ लिहिलं असेल तर ४ ओहमचा जोडू नका. आणि रिसीव्हर तापूनही बंद पडतो, म्हणून शोकेसचा बंद कप्पा नकोच. वर किमान १० सेंटिमीटर मोकळं ठेवा, त्यावर सेट-टॉप बॉक्स मुळीच नको.