जुना कन्सोल स्टिरिओ कापून छोटं फर्निचर करताय? आधी या चुका टाळा

पाच-सहा फूट लांब लाकडी पेटी, वर झाकण, आत रेकॉर्ड चेंजर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा प्लेअर) आणि रेडिओ, दोन्ही टोकांना जाळीच्या कापडामागे स्पीकर. असा कन्सोल स्टिरिओ किंवा रेडिओग्राम घरात आला की लगेच विचार येतो की एवढं मोठं धूड ठेवायचं कुठे, त्यापेक्षा मधून कापू आणि दोन साइड टेबलं करू. कल्पना चांगलीच आहे. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या तिथून सत्तरच्या दशकापर्यंत हे कन्सोल भरपूर बनले, आणि त्यातल्या चांगल्या पेट्यांना जे अक्रोडाचं किंवा महोगनीचं व्हिनियर (वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) आहे तसं आज नवीन घ्यायचं म्हटलं तर खिशाला चांगलंच जड जातं. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, या पेटीची ताकद बाहेरच्या देखण्या फळ्यांत नसते, ती असते मागच्या पत्र्यासारख्या पातळ पाठीत, स्पीकरच्या फळीत आणि आतल्या उभ्या पार्टिशनमध्ये, म्हणजे नेमकं आपण जे पहिल्याच दिवशी उखडून फेकतो त्यात. पुढच्या बऱ्याचशा चुका इथूनच निघतात.

चालतोय का ते न बघताच करवत लावणं

धूळ बसलीय म्हणजे सेट मेलाय असं धरून चालू नका. बऱ्याच सेटमध्ये बिघाड असतो तो म्हणजे खराब झालेले कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग), चेंजरमधलं घट्ट होऊन गोंदासारखं झालेलं ग्रीस किंवा कडक झालेलं रबरी चाक, आणि हे सगळं जाणकार मेकॅनिककडून दुरुस्त होतं. पेटी धड आणि मशीनही धड असा सेट कापूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कापायला घ्यावा तो ज्याचं मशीन आधीच कुणी काढून नेलंय, झाकण तडकलंय किंवा एका टोकाला पाणी लागून बूड कुजलंय असा.

कापायचं नक्की केलंत तरी आतला माल भंगारात टाकू नका. मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या जुन्या कन्सोलमधले ईएल८४ किंवा ६व्ही६ व्हॉल्व्हवाले (काचेच्या नळ्यांवर चालणारे) अॅम्प्लिफायर लोक आजही शोधत असतात, गॅरार्ड आणि ड्युअल कंपन्यांच्या चेंजरचे सुटे भाग लागतात, स्पीकरलाही गिऱ्हाईक असतं. चेंजर स्प्रिंगवर तरंगता बसवलेला असतो, पेटी हलवायच्या आधी त्याचे ट्रान्झिट स्क्रू (वाहतुकीत त्याला जागीच धरून ठेवणारे) आवळून घ्या नाहीतर वाटेतच टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आपटून मोडतो.

आणि "लावून बघू चालतो का" म्हणून सरळ प्लग लावायचा नाही. सेटच्या मागे लिहिलेलं व्होल्टेज आणि घरातलं व्होल्टेज एकच आहे का ते आधी वाचा, अमेरिकन सेट ११०-१२० व्होल्टवर चालणारे असतात. शिवाय वर्षानुवर्षं बंद पडलेल्या सेटला एकदम पूर्ण करंट दिला की जुने कपॅसिटर फुटू शकतात, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

प्लग काढला म्हणजे करंट गेला असं समजणं

ही चूक जिवावर बेतू शकते म्हणून नीट वाचा. व्हॉल्व्हवाल्या अॅम्पमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि तो प्लग काढल्यावरही मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. बरेच जण स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडतात, तसं करू नका. मेकॅनिक रेझिस्टर लावून हळूहळू तो डिस्चार्ज करतो आणि मग मीटर लावून शून्य आलंय का बघतो, तुम्हाला यातलं येत नसेल तर तेवढ्या कामापुरतं त्याला बोलवा. वायर कचाकचा कापण्याआधी फोटो काढा आणि टेप लावून नावं लिहा, कारण अॅम्प दुसऱ्या कुणाला द्यायचा तर त्याला हेच लागतं.

अजून एक. काही जुन्या सेटमध्ये व्हॉल्व्हच्या वर लाकूड तापू नये म्हणून राखाडी-पांढरा पुठ्ठ्यासारखा कागद ठोकलेला असतो, तो अॅस्बेस्टॉसचा असू शकतो. तो खरवडायचा नाही, फाडायचा नाही, त्यावर घासकाम तर अजिबात नाही, त्याचे तंतू श्वासात गेले की फुप्फुसाला घातक. तसा कागद दिसला तर त्या भागाला हात न लावता माहीतगार माणसाकडून काढून घ्या.

पेटी कशाच्या जोरावर उभी आहे ते न बघता मधोमध कापणं

आता मुख्य मुद्दा. कन्सोल म्हणजे एक लांब खोका, त्याला समोर आणि मागे जे काही चिकटवलेलं-ठोकलेलं असतं त्यामुळेच तो तिरका होत नाही. मागची पाठ बहुतेक वेळा तीन-चार मिलीमीटरच्या भोकाभोकांच्या हार्डबोर्डची असते, दिसायला एकदम फालतू, म्हणून लोक ती काढतात. मग स्पीकरची फळी काढतात कारण तिथे कप्पा हवा असतो. मग पार्टिशन काढतात. आणि मग म्हणतात टेबल डुगडुगतंय, दार लागत नाही.

म्हणून कापायच्या आधी पेटी रिकामी करून उलटी ठेवा आणि आतून बघा की उभी पार्टिशन कुठे आहेत. बहुतेक कन्सोलमध्ये स्पीकरचा भाग आणि मधला चेंजरचा भाग यांच्यामध्ये पार्टिशन असतंच. कापायची रेघ पेटीच्या मध्यावर न मारता पार्टिशनला लागून मारा, म्हणजे ते पार्टिशन कापलेल्या तुकड्याची तयार भिंत होते. अशाने दोन टोकांची दोन बेडसाइड टेबलं होतात आणि मधल्या भागाला फक्त बाजू लावल्या की रेकॉर्ड ठेवायचं छोटं कपाट. मधोमध कापलं तर दोन्ही तुकड्यांना एकेक बाजू उघडी, तळ आणि वरची फळी हवेत, आणि दोन्हीकडे नवीन भिंत करावी लागते, म्हणजे काम दुप्पट आणि मजबुती निम्मी. करवतीच्या पात्याची जाडीही धरा, दोन-तीन मिलीमीटर लाकूड भुशात जातं, मोजमाप एकदम काटेकोर असेल तर नंतर झाकण बसत नाही.

कापायच्या आधी नवीन आधार बसवायचे, नंतर नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना आतून लाकडी पट्ट्या गोंद आणि स्क्रूने लावून घ्या, गोंद रात्रभर वाळू द्या, मगच करवत. कापून झाल्यावर प्रत्येक तुकड्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले तर पेटी गुण्यात (कोपरे काटकोनात) आहे, नसतील तर शिकंजा (क्लॅम्प) लावून गुण्यात आणा आणि त्याच अवस्थेत मागे सहा मिलीमीटरचं प्लायवूड गोंद लावून ठोका. वायर जायला भोक हवं असेल तर एकच गोल भोक पाडा, अख्खी पाठ उघडी ठेवू नका.

पायांचं पण बघा. मूळ चार किंवा सहा पाय अख्ख्या लांबीचा विचार करून लावलेले असतात, कापल्यावर एका तुकड्याला दोनच येतात आणि तेही एका टोकाला. मग कुणीतरी तिसरा पाय मधे लावतं. नको. जुने पाय काढून प्रत्येक तुकड्याला नव्याने चार कोपऱ्यांत चार पाय लावा, आणि खाली सलग जाड फळी घालून त्यात पायाच्या प्लेट घट्ट करा, कारण मूळ तळ बऱ्याचदा पातळ असतो. अरुंद आणि उंच तुकडा झाला असेल आणि घरात लहान मुलं असतील तर तो भिंतीला पट्टीने अडकवणं सक्तीचंच समजा.

पार्टिकल बोर्डला लाकूड समजणं

आधीच्या काळातल्या पेट्या साधारण प्लायवूड किंवा भरीव लाकडावर व्हिनियर अशा असतात. साठच्या दशकाच्या शेवटापासून पार्टिकल बोर्ड आणि वर लाकडाच्या रेघा छापलेला व्हिनाइल कागद, कोरीव काम वाटणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या हे सगळं वाढत गेलं. तुमच्याकडे काय आहे ते आतल्या कच्च्या कडेवर बघा, भुसा दाबून चिकटवल्यासारखी कड दिसली की समजा पार्टिकल बोर्ड आहे. त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही, पिळला की भुसा होऊन निघतो. तिथे आतून लाकडी पट्टी चिकटवून स्क्रू त्या पट्टीत न्यायचा, आधी पायलट होल (स्क्रूपेक्षा बारीक भोक) पाडून. छापील कागदावर हीट गन किंवा थिनर लावलात तर तो सुरकुततो आणि मग काहीच करता येत नाही, त्यावर घासून पॉलिश करायचा तर प्रश्नच नाही, फार तर हलकं खरवडून प्रायमर आणि रंग.

बाथरूमचं बेसिन युनिट, कुंड्यांचं स्टँड, फिश टँक, यासाठी ही पेटी वापरू नका. पाणी लागलं की पार्टिकल बोर्ड फुगतो आणि परत बसत नाही. शंभर लिटरच्या टँकमध्ये नुसतं पाणीच १०० किलो असतं. रेकॉर्डसाठी मात्र उत्तम, फक्त शंभर एलपी वीस किलोच्या पुढे जातात हे लक्षात ठेवून मधे आधार द्या.

व्हिनियर फाटणं आणि घासून उडवणं

कडा फाटतात त्या लाकडाच्या रेषांना आडवं कापताना. कापायच्या रेघेवर व्हिनियर धारदार कटरने पट्टी धरून आधी दोन-तीनदा चिरून घ्यायचं, त्यावर मास्किंग टेप, आणि बारीक दातांचं पातं. हातातली गोल करवत असेल तर चांगली बाजू खाली, टेबल सॉ असेल तर चांगली बाजू वर, कारण दात कुठून बाहेर पडतात त्यावर फाटणं ठरतं.

सँडरने तर कितीतरी चांगल्या पेट्यांची वाट लागलीय. व्हिनियर साधारण पाऊण मिलीमीटर, कधी त्याहून कमी. ८० नंबरचा पेपर सँडरला लावून फिरवला की कोपऱ्यावर काही सेकंदांत खालचं प्लाय दिसायला लागतं. आणि बऱ्याचदा घासायची गरजच नसते, वर असतो तो धूर, तेल आणि जुन्या पॉलिशचा थर, मिनरल टर्पेंटाइनने पुसून बघा, आत सुंदर रंग निघतो. तरी फिनिश काढायचंच असेल तर आधी न दिसणाऱ्या जागी टेस्ट करा. स्पिरिटने चिकट झालं तर शेलॅक (लाखेचं पॉलिश), स्पिरिटने नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर, दोन्हीने काही झालं नाही तर वर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरसारखं काहीतरी आहे. ग्रुंडिग, टेलिफुंकनसारख्या जर्मन सेटवर बऱ्याचदा आरशासारखं जाड चकचकीत फिनिश असतं, ते सोललं की परत तसं घरी आणणं फार अवघड, शक्यतो ठेवाच. नंतर कुणी रंग मारलेला असेल आणि तो जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, टेस्ट केल्याशिवाय कोरडं घासू नका.

झाकण फेकू नका. त्याचं व्हिनियर पेटीशी जुळणारं असतं, कापलेल्या उघड्या बाजूला झाकणाचाच तुकडा लावला तर नवीन बाजू ओळखू येत नाही. बाजारातून आणलेलं व्हिनियर कितीही तेच लाकूड असलं तरी रंग जुळता जुळत नाही.

चूक आधीच झाली असेल तर

व्हिनियरला फुगा आला असेल तर खाली सरस (हाडा-कातड्यापासून केलेला जुना गोंद) आहे का बघा, जुन्या पेट्यांत बऱ्याचदा असतो. वर ओलसर कापड ठेवून कोमट इस्त्री हलकी दाबली की सरस परत पकडतो, मग वजन ठेवून थंड होऊ द्या. चिकटलं नाही तर रेषेच्या दिशेने बारीक चीर मारून सुईने गोंद सोडा आणि दाबून ठेवा.

रंग मारल्यावर तांबूस डाग वर येत असतील, विशेषतः महोगनीवर, तर अजून दोन हात मारून काही होणार नाही, लाकडातला रंग वर येतोय. शेलॅकचा प्रायमर एक हात मारा आणि मग रंग. सिगारेटचा किंवा कुबट वास जात नसेल तरी हाच उपाय, आतल्या सगळ्या कच्च्या लाकडावर शेलॅक मारायचा, नुसतं बाहेरून पॉलिश करून वास जात नाही.

लाकडातल्या बारीक भोकांखाली रोज ताजी पावडर पडत असेल तर आत कीड जिवंत आहे, ती पेटी बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवा आणि उपचार झाल्याशिवाय पुढचं काम थांबवा.

वार्निश मारल्यावर गोल गोल खड्डे पडत असतील तर आधी कुणीतरी वर्षानुवर्षं सिलिकॉनवालं पॉलिश लावलंय. त्यावर परत वार्निश नको. वाळू द्या, हाताने २२० नंबरने हलकं घासा, टर्पेंटाइनने दोन-तीनदा पुसा, दर वेळी कापड नवीन घ्या, मग मेण नसलेल्या शेलॅकचा पातळ हात मारा आणि तो वाळल्यावर वार्निश.