ग्रास कटरसाठी टू-टी ऑइल आणि पेट्रोल: कोणतं घ्यावं, कसं कालवावं

पाऊस ओसरला की आमच्या कोकणात आंबा-काजूच्या बागांची बेणणी, म्हणजे वाढलेलं गवत कापणं, सुरू होते. एकाच वेळी चार डोंगरांवरून ग्रास कटरचा आवाज येऊ लागतो आणि त्याच आठवड्यात मेकॅनिककडे मशीनं रांगेला लागतात. माझंही एकदा लागलं होतं. मेकॅनिकनं सायलेन्सर काढला, भोकातून टॉर्च मारला आणि मला बघायला बोलावलं. पिस्टनवर मांजरानं नखं मारावीत तसे उभे ओरखडे.
"तेल किती घालता?"
"अंदाजे."
पुढचं सगळं बिल त्या एका शब्दाचं होतं.

मोटारसायकलच्या इंजिनात तळाला तेल भरलेलं असतं, ते फिरत राहतं. टू-स्ट्रोक कटरला तशी सोय नाही. पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतून, जातात, जाता जाता बेअरिंगला, पिस्टनला, रिंगांना तेल लावतात आणि मग वर जाऊन जळतात. टाकीतल्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल, म्हणजेच टू-टी, हेच काय ते वंगण.

१. आधी मशीन ओळखा

पेट्रोलच्या टाकीशिवाय तेलाचं वेगळं झाकण आणि त्याला तेल मोजायची पट्टी दिसली, तर मशीन फोर-स्ट्रोक आहे. होंडाचे पाठीवरचे कटर तसे असतात. त्यांत साधं पेट्रोल घालायचं, तेल वेगळं. वेगळं झाकण नसेल आणि टाकीवर किंवा पुस्तिकेत ५०:१, ४०:१, २५:१ असं पेट्रोल-तेलाचं प्रमाण छापलेलं असेल, तर ते टू-स्ट्रोक. बागेत दोन्ही जातींची मशीनं असतील तर कॅनवर रंगानं मोठी खूण करा. गडी घाईत जो कॅन हाताला लागेल तो ओततो. फोर-स्ट्रोकमध्ये तेल कालवलेलं पेट्रोल गेलं तर धुरावर भागतं, पण टू-स्ट्रोकमध्ये बिनतेलाचं पेट्रोल गेलं तर पिस्टन धरायला, म्हणजे जाम व्हायला, फार वेळ लागत नाही.

२. माप पुस्तिकेतलं घ्या

५०:१ म्हणजे लिटरला २० मिली तेल, ४०:१ म्हणजे २५, ३०:१ म्हणजे ३३ आणि २५:१ म्हणजे ४०. पाच लिटरच्या कॅनला ५०:१ साठी १०० मिली लागतं. चेतक स्कूटरच्या जमान्यातलं 'लिटरला वीस' अजून पुष्कळांच्या डोक्यात पक्कं आहे आणि ५०:१ च्या मशीनला ते बरोबरही आहे. पण बाजारातल्या स्वस्त कटरवर बऱ्याचदा २५:१ छापलेलं असतं. वॉरंटी चालू आहे तोवर छापलेलंच पाळा, नाहीतर दुकानदाराला हात झटकायला निमित्त मिळतं. पुस्तिका हरवली असेल आणि कुठूनच कळत नसेल तर मी चांगलं तेल घेऊन ४०:१ धरतो. धूर किंचित जास्त होतो, तेवढं चालतं.

'थोडं जास्त तेल घातलं तर मशीनला बरंच' हा समज मात्र काढून टाका. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून देणारा भाग, ठरलेल्या मापाचंच मिश्रण आत सोडतो. त्यात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी जातं आणि इंजिन हवेच्या मानानं उपाशी, म्हणजे जास्त गरम चालतं. शिवाय प्लग काळा होतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळीचा थर बसतो. मग मशीन चालू होतं, पण जोर धरत नाही.

मापासाठी औषधाच्या दुकानातली २० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. बाटलीच्या बुचाचं माप मी सोडून दिलं, कारण प्रत्येक कंपनीचं बूच वेगळं. सिरिंजवरचे आकडे पेट्रोलनं पुसले जातात आणि आतलं रबर फुगतं, म्हणून हंगामाला नवी घ्यायची. दहा-वीस रुपयांत येते.

३. तेलाच्या डब्यावर काय वाचायचं

रंगाकडे बघू नका. निळं, हिरवं, लाल हा रंग मुद्दाम घातलेला असतो, पेट्रोलमध्ये तेल पडलंय की नाही ते दिसावं म्हणून. दर्जा त्यावरून कळत नाही. डब्याच्या मागे जॅसो या जपानी मानकाची अक्षरं शोधा: एफबी, एफसी, एफडी. एफबी कामचलाऊ, एफसी कमी धुराचं आणि एफडी त्याहून इंजिन स्वच्छ ठेवणारं. काही डब्यांवर याच क्रमानं आयएसओची ईजीबी, ईजीसी, ईजीडी ही नावं असतात. कटरला आणि चेनसॉला एफडी घ्या. नाहीच मिळालं तर एफसी. स्कूटरसाठी म्हणून विकलं जाणारं टू-टी या दर्जाचं असेल तर खुशाल वापरा, कारण स्कूटरचं इंजिनही हवेवरच थंड होत होतं.

किनाऱ्यावरच्या लोकांनी एक जपायचं. मच्छीमार होडीच्या आउटबोर्ड मशीनचं तेल घरात असतं, तेच कटरला घालण्याचा मोह होतो. त्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री असं लिहिलेलं असतं. ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं आहे. ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ण रेसवर चालणारा कटर त्यापेक्षा खूप तापतो. बैलांचं औषध माणसाला द्यावं तसला हा प्रकार. मोटारसायकलचं २०डब्ल्यू-४० तर नकोच. ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं आणि जळलं की मागे राख सोडतं.

४. पेट्रोल: खरी गोम इथे आहे

फेब्रुवारी २०२३ पासून देशात ई-२० पेट्रोल टप्प्याटप्प्यानं आलं आणि आता साध्या पंपावर तेच मिळतं. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, असतं. नव्या गाड्या त्यासाठी तयार असतात, पण हातातल्या छोट्या मशीनच्या पुस्तिकेत पुष्कळदा १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. तुमच्या पुस्तिकेत काय म्हटलंय ते एकदा बघाच. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच कार्बोरेटरवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि इंजिन जास्त तापतं. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदाही त्यानं कडक होतो किंवा फुगतो.

पण मला सगळ्यात भीती वाटते ती पाण्याची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जुलैतल्या कोकणात ओलाव्याला काय तोटा! पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल त्याला घेऊन तळाशी बसतं आणि पेट्रोल वर राहतं. टू-टी तेल राहतं वरच्या पेट्रोलबरोबर. आणि टाकीतली नळी, तिच्या टोकाचा फिल्टर, कुठे असतो? तळाशी. म्हणजे तुम्ही मापात तेल घातलेलं असूनही इंजिन बिनतेलाचं पाणी-इथेनॉल ओढू लागतं.

म्हणून पेट्रोल थोडं आणि ताजं आणा. मी दोन लिटरच्या वर कालवत नाही आणि कालवलेलं पंधरा दिवसांत संपवतो. महिन्यापेक्षा जुनं मिश्रण मशीनमध्ये जात नाही, मग कितीही चांगलं दिसो. शंका आली तर पारदर्शक काचेच्या बरणीत ओतून अर्धा तास ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते मशीनला नको.

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घेतलं की इथेनॉलमधून सुटका होते, असं काही लोक मानतात. तसं नाही. ऑक्टेन हा पेट्रोल अवेळी पेटत नाही याचा आकडा, त्यात इथेनॉल किती ते तो सांगत नाही. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर मिळतं. ते खूप महाग आहे, आणि त्यात इथेनॉल आहे की नाही हे पंपावर विचारूनच घ्या. महागड्या चेनसॉला कुणी ते घालत असेल तर मी हसणार नाही. बेणणीला रोज तीन-चार लिटर जाळणाऱ्याला ते परवडणारं नाही. त्यानं ताज्या पेट्रोलवर भर द्यावा.

आणायचं कशातून? १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार घरच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं, पण नीट बुचाच्या भांड्यात: धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं, काचेचं असेल तर एका लिटरचं. पाण्याची प्लास्टिक बाटली त्यात कुठेच बसत नाही. पत्र्याचा झाकणाचा कॅन घ्या आणि पेट्रोल भरताना तो गाडीवर न ठेवता जमिनीवर ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायची भीती कमी होते.

५. कालवायची रीत

आधी कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग मोजलेलं सगळं तेल. बूच लावून चांगलं हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. मशीनच्या टाकीत थेट तेल ओतू नका. ते तळाशी बसतं आणि पहिली दहा मिनिटं इंजिन घट्ट तेलावर गुरगुरतं. कॅनवर तारीख आणि प्रमाण खडूनं लिहा. दर वेळी टाकीत ओतण्याआधी कॅन हलवा, बारीक जाळीच्या गाळणीतून ओता. मशीन थंड होऊ द्या, बिडी विझवा, आणि भरल्यावर दहा पावलं लांब जाऊन दोरी ओढा.

६. प्लग काय सांगतो

चार-पाच टाक्या झाल्या की प्लग काढून बघा. चॉकलेटी असेल तर सगळं जमलं. काळा नि ओला असेल तर तेल जास्त, नाहीतर एअर फिल्टर गवताच्या भुशानं तुंबलेला. आधी फिल्टर झाडा, मग तेलाला दोष द्या. प्लग पांढरट दिसला तर मात्र मशीन तिथेच थांबवा. इंजिन कोरडं नि गरम चाललंय. कार्बोरेटरचा स्क्रू मेकॅनिककडूनच फिरवून घ्या, अंदाजे हा शब्द इथेही महाग पडतो.

७. हंगाम संपल्यावर

टाकी रिकामी करा. मग मशीन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधलंही जळून जाईल. प्लग काढून भोकातून चहाचा अर्धा चमचा टू-टी तेल सोडा, दोरी हळूच दोन-तीनदा ओढा, प्लग परत बसवा. आता दोरी सावकाश ओढताना जिथे जड लागेल तिथे सोडून द्या. त्या जागी पिस्टननं सायलेन्सरकडचं तोंड झाकलेलं असतं, आत दमट हवा कमी शिरते. मी मशीन पडवीच्या वाशाला टांगतो. खाली ठेवलं की उंदीर पेट्रोलची नळी कुरतडतात, आणि तिच्यापायी दसऱ्याला पुन्हा तालुक्याला खेप पडते.