ब्रेकपॉइंटचा तोच तो कोड एकत्र करताय? या चुका टाळा

भुसावळचा एक मित्र आणि मी लिनक्ससाठी छोटा डीबगर लिहितोय, म्हणजे दुसरा प्रोग्राम मध्येच थांबवून तपासायचं साधन. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण) बसवायचा कोड चार ठिकाणी साचला होता: ब्रेक (खूण लावा), नेक्स्ट (पुढच्या ओळीवर जा) आणि फिनिश (चालू फंक्शन संपेपर्यंत जा) या आज्ञा, आणि रन करताना मेन या सुरुवातीच्या फंक्शनवर थांबणं. पत्ता काढा, पीट्रेसने (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावायची लिनक्सची सोय) तिथला शब्द, म्हणजे काही बाइटांचा गट, वाचा, मूळ बाइट जपा, त्यावर हेक्स सीसी (एक्स८६ प्रोसेसरवर प्रोग्राम थांबवणारी एका बाइटची सूचना) लिहा. चारही जागी हेच. जळगावातल्या एका थंडीच्या रविवारी कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजायला टाकली आणि सगळं एका फंक्शनमध्ये कोंबलं. वांगी सोलून झाली, डीबगर मात्र बिघडला तो बिघडलाच.

सगळ्यात जास्त छळलं मूळ बाइटने. फंक्शन एक झालं, पण प्रत्येक ब्रेकपॉइंट आपापला बाइट जपत राहिला. समजा, एका पत्त्यावर हेक्स ५५ होता. पहिल्याने ५५ जपला. नेक्स्टने त्याच पत्त्यावर तात्पुरता ब्रेकपॉइंट लावला आणि सीसीच ‘मूळ’ म्हणून जपला. पहिला आधी काढला, तर ५५ परत येतो. मग तात्पुरता काढला की तिथे पुन्हा सीसी, आणि यादीत त्याचा मालकच नाही. गंमत म्हणजे उलट्या क्रमाने काढलं तर सगळं सुरळीत दिसतं, म्हणून आमच्या चाचण्या पास होत होत्या. उपाय असा: पत्त्यानुसार एकच नोंद, तिच्यात एकच मूळ बाइट आणि मालकांची यादी. पहिला मालक आला की सीसी लिहा, शेवटचा गेला की बाइट परत ठेवा. जीडीबी हा लिनक्सवरचा नेहमीचा डीबगरही वापरकर्त्याचा ब्रेकपॉइंट आणि त्याची मेमरीतली जागा वेगवेगळी धरतो.

दुसरी चूक माझीच. त्या फंक्शनला तीन-चार ट्रू-फॉल्स चिकटवले: तात्पुरता, मूक, हार्डवेअर (मेमरीत न लिहिता प्रोसेसरच्या रजिस्टरात पत्ता ठेवणारा). वाचणाऱ्याला काय डोंबल कळणार? बाइट लिहिणं सारखं होतं, थांबायचं कारण सारखं नव्हतं. फिनिशचा ब्रेकपॉइंट परतीच्या पत्त्यावर बसतो, पण रिकर्शनमध्ये (फंक्शन स्वतःलाच हाक मारतं तेव्हा) आतली हाकही त्याच पत्त्यावर परतते. तिथे स्टॅक पॉइंटर (हाकांच्या चळतीचं टोक, त्यावरून कुठली हाक परतली ते कळतं) पाहूनच थांबायचं असतं. हा निर्णय फिनिशकडेच राहू द्या भो, खालच्या फंक्शनमध्ये ढकलू नका.

एक्स८६ वर सीसी लागल्यानंतर आरआयपी (पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणारा रजिस्टर) एका बाइटने पुढे असतो, तो मागे घ्यावा लागतो. आम्ही तो दोन ठिकाणी मागे घेतला आणि प्रोग्राम आधीच्या सूचनेच्या शेवटच्या बाइटवरून सुरू झाला. एआरएम६४ वर ब्रेक सूचनेनंतर पीसी (तिथला आरआयपीसारखा रजिस्टर) तिथेच असतो, त्यामुळे ही वजाबाकी प्रोसेसरनुसार एकाच जागी हवी.

पीआयई बायनरीचा (मेमरीत कुठेही बसू शकणाऱ्या प्रोग्रामचा) खरा पत्ता प्रोसेस सुरू झाल्यावरच कळतो, त्याआधी बसवू नका. पीकटेक्स्टने (पीट्रेसची वाचायची विनंती) उणे १ दिला तर ती चूक असू शकते किंवा खरा डेटाही, म्हणून वाचण्याआधी एररनो (चुकीचा क्रमांक ठेवणारा चल) शून्य करा. फोर्क झाल्यावर (प्रोसेसची प्रत, म्हणजे तिचं ‘मूल’, तयार झाल्यावर) सीसी मुलाच्या मेमरीतही जातो. त्या मुलाला ट्रेस करत नसाल तर सीसी लागताच ते सिगट्रॅप या सिग्नलने मरतं. हार्डवेअर ब्रेकपॉइंटला जपायला बाइटच नसतो आणि एक्स८६ वर पत्ते चारच, डीआर० ते डीआर३ या रजिस्टरांत. पाचवा मागितला तर सरळ नकार द्या.

आता आमची पहिली चाचणी: एका पत्त्यावर दोन मालक, दोन्ही क्रमांनी काढा, आणि दर वेळी मेमरीतला बाइट फाइलमधल्या बाइटशी ताडून पाहा.