पूल बंद आणि वर आणीबाणी: अशा वेळी ट्रकवाल्याने काय करायचं

कॅनडात टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागा भागात आलेली आपली बरीच मुलं आता एझेड लायसन, म्हणजे मोठा ट्रेलर ओढायचं लायसन, काढून ट्रकवर चढतायत. अमेरिकेच्या फेऱ्या मिळायला लागल्या की पहिला प्रश्न पैशांचा असतो, दुसरा बर्फाचा. पूलच बंद पडला तर काय, हे सहसा कुणी विचारत नाही. मी इथे डिस्पॅचला, म्हणजे ट्रकांच्या फेऱ्या ठरवायला, बसते आणि २०२२ च्या फेब्रुवारीतही याच कामावर होते, म्हणून नीट लिहून ठेवते.

आधी थोडक्यात काय झालं ते. १५ जानेवारी २०२२ पासून कॅनडाने सीमेवरच्या ट्रक ड्रायव्हरांची कोविड लसीची सूट काढून घेतली. आठवड्याने अमेरिकेनेही तेच केलं. त्याविरुद्ध निघालेला ट्रकांचा ताफा जानेवारीच्या शेवटी ओटावात पोचला आणि संसदेसमोरच्या वेलिंग्टन स्ट्रीटवर ठाण मांडून बसला. अल्बर्टात कूट्सचा सीमेवरचा नाका अडला, पुढे मॅनिटोबात एमर्सनचा. ७ फेब्रुवारीला विंडसरहून पलीकडे अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जाणारा अँबॅसडर पूल अडवला, तो थेट १३ तारखेच्या रात्री उघडला. कॅनडा-अमेरिकेच्या मालव्यापाराचा जवळपास चौथा हिस्सा तेव्हा या एका पुलावरून जात होता, आणि तो पूल खासगी मालकीचा आहे, हेही नवख्यांना माहीत नसतं.

नाव पडलं ट्रकवाल्यांचं आंदोलन. प्रत्यक्षात सीमापार जाणाऱ्या बहुसंख्य ड्रायव्हरांनी लस घेतलेली होती आणि ते कामावर होते. कॅनेडियन ट्रकिंग अलायन्स या ट्रक कंपन्यांच्या संघटनेने रस्ते-पूल अडवायला उघड विरोध केला होता. म्हणजे अडवणारेही ट्रक आणि अडकलेलेही ट्रक. हा लेख अडकलेल्यांसाठी आहे.

निर्णय लंडनच्या आधी

आपल्याकडच्या रास्ता रोकोची सवय असलेल्याला वाटतं की तासाभरात पोलीस येतील, पुढाऱ्यांना व्हॅनमध्ये घालतील, फोटो निघतील आणि वाहतूक सुरू. इथे तसं धरून चालू नका. ‘थांबून बघू’ हा इथे सगळ्यात महाग निर्णय ठरतो.

टोरांटोकडून ४०१ महामार्गाने निघालात की लंडन (इंग्लंडचं नव्हे, ऑन्टारियोतलं) ओलांडताच ४०२ फुटतो, तो सार्नियाच्या ब्लू वॉटर पुलाकडे जातो. सरळ गेलात तर विंडसर. या फाट्याआधी डिस्पॅचला फोन झालाच पाहिजे. पुढे गेल्यावर वळायचं म्हणजे चॅटमहून ४० नंबरच्या रस्त्याने वर चढावं लागतं आणि तिथे कायद्याने हाताशी असलेले गाडी चालवायचे तास संपतात. फोर्ट एरीच्या पीस ब्रिजचं तर यार्डातून निघतानाच ठरवा, कारण तो रस्ता हॅमिल्टनकडून जातो, दिशाच वेगळी. विंडसरचा बोगदा विसरा, ५३ फुटी ट्रेलर त्यातून जात नाही.

दोन्ही देशांची सीमा खाती मोठ्या नाक्यांवरचा थांबण्याचा वेळ दाखवतात आणि ऑन्टारियोच्या ५११ या रस्त्यांच्या माहितीसेवेवर रस्ते कळतात. दोन्ही बघा. त्या फेब्रुवारीत ब्लू वॉटर पूल चालू होता, पण त्याकडे जाणारा ४०२ ट्रॅक्टर आणि गाड्या लावून मध्येच अडवला जायचा. नुसता पुलाचा वेळ बघून निघालेले तिथे अडकले. चालू पुलावरही तासन् तास रांग होतीच, कारण विंडसरची सगळी गर्दी तिकडे लोटली होती.

नाका बदलला की कागद बदला

आमचा एक नाशिककडचा ड्रायव्हर, माल मोटारींच्या सुट्या भागांचा. लंडनच्या जरा अलीकडून फोन: “ताई, सार्नियाला वळू का?” मी म्हटलं, “वळू नकोस, आधी बाजूला लाव.” कारण त्याचा मॅनिफेस्ट, म्हणजे कस्टमकडे आधी जाणारी मालाची यादी, डेट्रॉइटच्या नावाने गेलेला. डेट्रॉइटच्या नाक्याचा कोड ३८०१, सार्नियासमोरच्या पोर्ट ह्युरनचा ३८०२. एक आकडा चुकीचा ठेवून खिडकीपाशी गेलात तर अधिकारी तुम्हाला आत उभं करतो आणि मागची रांग तुमच्या नावाने बोटं मोडते.

क्रम असा ठेवा. पहिला फोन कस्टम ब्रोकरला, म्हणजे मालाचे कस्टमचे कागद करणाऱ्याला, कारण त्याची एंट्रीही जुन्या नाक्यावर असते. त्याचा लेखी होकार आला की मॅनिफेस्ट दुरुस्त करा. दुरुस्ती स्वीकारल्याचा संदेश दिसला की मगच ट्रक हलवा. अमेरिकेत जाताना ही माहिती ट्रक पोचायच्या किमान तासभर आधी जावी लागते. परतताना कॅनडाकडेही तोच नियम. कस्टम ब्रोकर आणि लोड देणारा ब्रोकर हे दोन वेगळे प्राणी आहेत. दुसऱ्याला सांगून पहिल्याचं काम होत नाही.

तास आणि माल

रांगेत इंचाइंचाने सरकताना ईएलडी, म्हणजे तास नोंदवणारं ट्रकमधलं यंत्र, ते ड्रायव्हिंगच धरतं. ठप्प उभे असाल, पण स्टिअरिंग सोडून जाता येत नसेल, तर ड्युटी चालूच. ‘ऑफ’ टाकून तास वाचवायचा मोह होतो, टाकू नका. प्रत्येक थांब्याला शेरा लिहा: कुठे, कशामुळे, पोलिसांनी काय सांगितलं. अमेरिकेत अचानक आलेल्या अडचणीसाठी दोन तास वाढवून मिळतात, पण निघण्यापूर्वीच माहीत असलेल्या अडचणीसाठी नाही. बातम्यांत चार दिवस दिसणारी नाकाबंदी ‘अचानक’ म्हणून खपत नाही.

रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा ट्रेलर, असेल तर डिझेलच्या टाक्या दोन बघायच्या, ट्रकची आणि रीफरची. लेमिंग्टनच्या ग्रीनहाउसमधल्या काकड्या घेऊन निघालेला माणूस पुलाच्या तोंडाशी उभा राहिला, तर त्याचं भवितव्य त्या दुसऱ्या टाकीवर असतं. तापमानाच्या पाटीचा वेळेसकट फोटो दर काही तासांनी काढा आणि लगेच पाठवा. माल नाकारला गेला तर वाद घालायला हाच कागद उपयोगी पडतो. थांबण्याचे पैसे फोनवर सगळे कबूल करतात आणि बिल पाठवलं की कुणाला काही आठवत नाही, म्हणून ते ईमेलवर घ्या. नवी डिलिव्हरीची वेळही ईमेलवर घ्या.

आंदोलनाच्या मधोमध सापडलात तर

गाडीतून उतरून गप्पा मारायला जाऊ नका. शेकोटी पेटलेली असते, कुणी कॉफी देतं, लोक प्रेमाने बोलतात, सगळं खरं. पण तुमच्या दारावर कंपनीचं नाव आहे आणि सगळीकडे मोबाइल चालू आहेत. केबिनवर झेंडा नको, हॉर्नला हात नको. ओटावात ७ फेब्रुवारीला कोर्टाने मध्यवस्तीत हॉर्न वाजवायला मनाई केली. तिथे राहणाऱ्यांची रात्रंदिवसाची झोप उडाली होती, आणि माझी सहानुभूती त्यांच्याकडे आहे. तुम्ही कुणाला रस्ता सोडायला म्हणून वाजवला, हे नंतर कोण ऐकणार?

ओटावात आणखी एक अडचण. नदीपलीकडच्या गॅटिनोला जाणाऱ्या ट्रकांचा नेहमीचा रस्ता किंग एडवर्ड अव्हेन्यूवरून, म्हणजे शहराच्या पोटातूनच जातो. तिकडचा लोड असेल तर निघायच्या आधी पूल आणि ४१७ महामार्गावरून उतरायचे रस्ते उघडे आहेत का ते विचारा. पोलीस म्हणाला “हलवा”, तर हलवा. हलवणं शक्य नसेल तर तसं त्याला सांगा, वेळ टिपून ठेवा आणि डिस्पॅचला कळवा.

आणीबाणी लागली की काय बदलतं

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण तेव्हा तीन आणीबाण्या एकावर एक आल्या. ६ फेब्रुवारीला ओटावा शहराची. ११ तारखेला ऑन्टारियो प्रांताची: रस्ता अडवल्यास एक लाख डॉलरपर्यंत दंड, वर्षभरापर्यंत कैद, आणि लायसनवर गदा. १४ तारखेला केंद्राची. १९८८ चा इमर्जन्सीज अॅक्ट तेव्हा पहिल्यांदाच वापरला गेला.

व्हॉट्सअॅपवर फिरणारं वाचू नका. आदेश सरकारी संकेतस्थळावर असतो आणि दोन-चार पानांचाच असतो, तो वाचा. केंद्राच्या त्या आदेशाने बँकांना कोर्टाच्या हुकमाशिवाय खाती गोठवता आली, आणि चांगल्या हेतूने गोठवलं म्हणून बँकेवर दावाही करता येत नव्हता. आंदोलनातल्या वाहनांचा विमा कंपन्यांनी थांबवायचा होता. टो करणाऱ्यांना काम नाकारता येत नव्हतं. मोबदल्याची तरतूद मात्र होती. तोवर मोठे ट्रक ओढून नेणारे हेवी टोवाले अंग चोरत होते, कारण त्यांचं रोजचं गिऱ्हाईक ट्रकवालेच. शेवटी आले तेव्हा काहींनी गाडीवरची नावं झाकून आणली होती.

सुमारे २८० खाती गोठली, मिळून ८० लाख डॉलरच्या आसपास. वीस डॉलर देणगी दिली म्हणून खातं गेलं, अशी हवा होती. पण देणगीदारांची यादी आपण बँकांना दिलीच नाही, असं केंद्रीय पोलीस म्हणाले. दिलेल्या नावांत म्होरके होते, आणि हटायला तयार नसलेल्या वाहनांचे मालक आणि ड्रायव्हर होते. मालकांसाठी गोम इथे आहे. नंबर प्लेटवरून मालक सापडतो, मग केबिनमध्ये कुणीही बसलेलं असो.

तेव्हा एकदोन ट्रक बाळगून असाल तर आजच हे करा. ट्रक भाड्याने किंवा चालवायला देताना करारात लिहून घ्या की तो आंदोलनात जाणार नाही आणि गेल्याचं कळताच करार संपेल. जीपीएसच्या नोंदी आपोआप पुसल्या जातात का ते बघा. जात असतील तर उतरवून ठेवा. धंद्याचं खातं घरच्या खात्यापासून तोडा. नवरा-बायकोचं जोडखातं गोठलं की किराणा आणि घराचा हप्ताही त्यात अडकतो. पैसे दोन बँकांत ठेवून सुटका होते असं समजू नका, आदेश सगळ्याच बँकांना होता. विमा एजंटला एक ओळ लिहून विचारा: अशा आदेशात पॉलिसी थांबली तर मला कधी आणि कसं कळवणार? उत्तर जपून ठेवा.

आणि निदर्शनांना जायचंच असेल तर? जा, तो हक्क आहे. पण बसने किंवा चालत जा, ट्रक यार्डात ठेवून. ट्रकवर कर्ज असतं, विमा असतो, बऱ्याचदा दुसऱ्याचा माल असतो. मात्र आणीबाणी लागू असेल तर आदेश आधी बघा: त्या वेळी शांतता भंग होण्याची शक्यता असलेल्या जमावात जाणं हाच गुन्हा होता, अल्पवयीन मुलांना नेणंही गुन्हा, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

२१ फेब्रुवारीला संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने १८५ विरुद्ध १५१ मतांनी आणीबाणीला मंजुरी दिली आणि दोन दिवसांत सरकारने ती मागेही घेतली. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती रूलो यांच्या चौकशी आयोगाने म्हटलं, वापर कायद्याच्या निकषात बसत होता. जानेवारी २०२४ मध्ये फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती मोझली यांनी म्हटलं, बसत नव्हता, आणि हक्कांचा भंगही झाला. मला विचाराल तर पूल अडवणं चूक होतं आणि कोर्टाशिवाय खाती गोठवणंही चूक. पण निकाल यायला दोन वर्षं लागतात आणि ट्रकचा हप्ता दर महिन्याला जातो. त्यामुळे वर आलेल्या माणसांचे फोन नंबर, म्हणजे कस्टम ब्रोकर, विमा एजंट, माल घेणारा आणि डिस्पॅचची रात्रपाळी, कागदावर लिहून व्हायझरला लावा. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेतच संपते.